आवंढा: आरोग्यचिंतेच्या एका प्रकरणाची नोंद

भांडुपच्या फॅमिली डॉक्टरांनी चिठ्ठीवर दोनच ओळी लिहिल्या होत्या: 'घशात काहीही नाही. तरी कृपया बघा, कारण हे वाक्य बोलून बोलून मी थकलोय.' मी मानसोपचार करते; चिठ्ठी घेऊन माझ्याकडे आलेले गृहस्थ ४३ वर्षांचे, फोर्टमधल्या एका सीएंच्या ऑफिसात अकाउंट्स बघणारे. पत्नी महापालिकेच्या शाळेत शिक्षिका, मुलगी आठवीत, आई सोबत राहते. ओळख पटू नये म्हणून तपशील बदलले आहेत आणि एकाहून अधिक रुग्णांचे अनुभव इथे एकत्र आणले आहेत. उपचार मात्र साधारण याच वाटेने जातात.

सोबत दोन जाड फायली होत्या. तीन वेगवेगळ्या ईएनटींकडच्या घशाच्या स्कोप्या, मानेच्या दोन सोनोग्राफी, एक सीटी, थायरॉइड, आणि रक्ताच्या सीबीसी-ईएसआर तपासण्यांचे कागद तर विचारूच नका. कुठल्याशा फुल बॉडी चेकअपच्या पॅकेजात ट्यूमर मार्कर, म्हणजे रक्तातल्या कॅन्सरच्या खुणा शोधणाऱ्या तपासण्याही करून घेतलेल्या. प्रत्येक रिपोर्ट प्लास्टिकच्या खिशात, तारखेवार. सोनोग्राफीच्या एका रिपोर्टवर 'रिअ‍ॅक्टिव्ह नोड्स' या शब्दांभोवती पेन्सिलीने गोल काढला होता. मानेत अशा बारीक गाठी कितीतरी निरोगी माणसांना असतात, साध्या सर्दीनेही येतात, म्हणून रेडिओलॉजिस्ट त्या नुसत्या नोंदवून पुढे जातो. यांनी मात्र त्या दोन शब्दांवर कित्येक रात्री काढल्या होत्या. डॉक्टर काहीतरी लपवतायत, आणि बायकोलाही त्यांनी सांगून ठेवलंय, असा त्यांचा वहीम होता.

सुरुवात दोन वर्षांपूर्वीची. चिपळूणचा मामेभाऊ, हे त्याला दादा म्हणायचे, तोंडाच्या कॅन्सरने गेला. परळच्या टाटा मेमोरियलमध्ये त्याचे उपचार झाले. वहिनी दादरच्या गाडगे महाराज धर्मशाळेत राहत होत्या आणि हे ऑफिस सुटलं की डबा घेऊन जायचे. ओपीडीच्या रांगेत पहाटे नंबर लावण्यापासून ते शेवटच्या दिवसांत नळीतून पातळ अन्न देण्यापर्यंत सगळं यांनी केलं. आणि एक गोष्ट त्यांनी पत्नीलाही धड सांगितली नव्हती: कॉलेजात असताना दोन-तीन वर्षं दादाबरोबर यांनीही गुटखा खाल्ला होता. महाराष्ट्रात २०१२ साली गुटख्यावर बंदी आली, त्याच्या कितीतरी आधी यांनी सोडला, दादाने सोडला नाही. भारतीय पुरुषांत तोंडाचा कॅन्सर किती आढळतो आणि त्यात तंबाखू-सुपारीचा वाटा किती मोठा आहे, हे सगळं त्यांना तोंडपाठ होतं. म्हणजे भीती हवेतली नव्हती, तिच्या मुळाशी खरा धोका होता. अशा माणसाला 'काही नाही हो, मनाचे खेळ आहेत' म्हणून वाटेला लावलं की तो दुसऱ्या डॉक्टरकडे जातो, आणि तो जाणारच.

दादाच्या तेराव्यानंतर काही महिन्यांनी एका दुपारी ऑफिसात घशात काहीतरी अडकल्यासारखं वाटलं. ते तिथून हललंच नाही.

पहिल्या भेटीत मी त्यांना कालचा दिवस सकाळपासून सांगायला लावला. उठल्यावर बाथरूमच्या आरशासमोर, मोबाइलचा टॉर्च लावून, जीभ ओढून बाहेर काढून तपासणी. एकदा जिभेच्या पार मुळाशी इंग्रजी व्हीच्या आकारात ओळीने बसलेल्या जाड पुळ्या दिसल्या आणि रात्री साडेअकराला रिक्षा करून कॅज्युअल्टी गाठली. या पुळ्या प्रत्येकाच्या जिभेवर असतात, फक्त कोणी एवढी जीभ ओढून बघत नाही. मग मानेवर बोटं. उजव्या जबड्याखाली एक जागा दाबून दाबून इतकी हुळहुळी झाली होती की दुखते म्हणूनच ती पुन्हा दाबायची. दिवसभर आवंढा गिळून बघायचा: गेला का, अडकला का, कालच्यापेक्षा जास्त अडकला का. लोकलमध्ये गूगल, रात्री अंथरुणात एआयला प्रश्न, तोच प्रश्न चार प्रकारे फिरवून. आणि झोपण्याआधी पत्नीसमोर तोंड उघडून 'बघ ना जरा'. ती बिचारी टॉर्च मारून बघायची, 'अहो, काही नाहीये' म्हणायची, आणि वीसेक मिनिटांनी पुन्हा, 'नीट बघितलंस ना?'

दुसरीकडे टाळाटाळ. सिनेमाला गेलेच तर तंबाखूची जाहिरात संपेपर्यंत बाहेर पॅसेजमध्ये थांबायचं. टपरीवरच्या पाकिटांवरची चित्रं दिसू नयेत म्हणून रस्ता ओलांडायचा. भावंडांचा व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप म्यूट. आणि परळ. भांडुपहून सीएसएमटीला जाणारी स्लो गाडी परळला थांबते, म्हणून हे घाटकोपरला उतरून गर्दीच्या फास्टमध्ये घुसायचे. ती दादरनंतर थेट भायखळ्याला थांबते. सरळ बसून जायची सोय सोडून दोन वर्षं लोंबकळत प्रवास, आणि घरी कारण सांगितलेलं: फास्टने वेळ वाचतो.

निदानाबद्दल थोडक्यात. मनोविकारांच्या अमेरिकन वर्गीकरणाने २०१३ साली हायपोकाँड्रियासिस (आपल्याला मोठा आजार आहे ही सततची भीती) हे जुनं नाव मोडीत काढलं. ज्यांना शारीरिक त्रास मोठा आहे त्यांना एका गटात आणि ज्यांना त्रास किरकोळ पण आजाराची भीती प्रचंड आहे त्यांना दुसऱ्या गटात घातलं. हे गृहस्थ दुसऱ्या गटातले. जागतिक आरोग्य संघटनेच्या आयसीडी-११ या आजारांच्या वर्गीकरणात जुनं नाव टिकून आहे, पण तिथे हा विकार ओसीडीच्या, म्हणजे तेच विचार आणि त्याच कृती पुन्हा पुन्हा करायला लावणाऱ्या विकाराच्या, शेजारी बसवलाय. हे प्रकरण पाहता मला ते शेजार पटतं: तपासायची ऊर्मी, तपासल्यावर क्षणभर हलकं वाटणं, मग दुप्पट शंका. नैराश्य आहे का ते पाहिलं, थोडं होतं. आत्महत्येचे विचार येतात का, हेही सरळ विचारलं, कारण 'यांना काही होत नाही, हे सगळ्यांना पुरून उरतील' हा समज चुकीचा आहे. स्वीडनमधल्या २०२३च्या एका मोठ्या अभ्यासात हे निदान असलेल्यांत मृत्यूचं प्रमाण इतरांपेक्षा जास्त निघालं आणि आत्महत्येचं सुमारे चौपट. ते म्हणाले, "निदान झालं तर दादासारखं सोसत बसणार नाही, एवढं ठरवलंय." ठोस बेत नव्हता. तरी पत्नीला ते माहीत असावं, हे आम्ही तिघांनी बसून ठरवलं आणि टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा नंबर दोघांच्या फोनमध्ये घातला.

दुसऱ्या भेटीत एक साधा प्रयोग केला. मी म्हटलं, आपण तिघंही लागोपाठ पाच आवंढे गिळू या, मध्ये पाणी नाही. पहिला सहज गेला, दुसरा गेला, तिसऱ्याला मान थोडी पुढे काढावी लागली. चौथ्याला त्यांच्या पत्नीने गळ्यावर हात ठेवला आणि म्हणाल्या, "अहो, माझाही अडकला!" माझाही अडकला होता. गिळायला तोंडात काहीतरी लागतं; थुंकी संपली की घशाचे स्नायू रिकामेच आवळतात आणि गोळा असल्यासारखं वाटतं. हे गृहस्थ दिवसभर हाच प्रयोग स्वतःवर करत होते. मग विचारलं, जेवताना काय होतं? ते जरा थांबून म्हणाले, "जेवताना नाही जाणवत. वडापाव पण जातो." अन्ननलिकेत खरा अडथळा असेल तर आधी घास अडकतो, त्यातही कोरडा आणि घट्ट. यांचं सगळं उलटं होतं.

हे सांगणं आणि दिलासा देणं यातला फरक बारीक आहे, पण उपचार त्यावरच उभे असतात. नवी माहिती एकदा दिली की ती माहिती. तीच दहाव्यांदा मागितली आणि आपण दिली, की त्या माणसाला त्याची नशा लावून द्यायला आपणच हातभार लावला. ब्रिटनमध्ये हिलरी वॉरविक आणि पॉल साल्कोव्हस्किस या संशोधकांनी १९८६ साली हेच मांडलं: दिलासा भीती घटकाभर उतरवतो, म्हणून तो पुन्हा पुन्हा घ्यावासा वाटतो आणि भीती जिवंत राहते. म्हणून 'आवंढ्याचं ते बरोबर, पण मग गाठीचं काय?' या प्रश्नाला मी उत्तर दिलं नाही. कागदावर दोन शक्यता लिहिल्या. पहिली: तुम्हाला घशाचा कॅन्सर आहे आणि तो कोणालाच सापडत नाहीये. दुसरी: तुम्हाला कॅन्सरची भयंकर भीती आहे, आणि ती घालवायला तुम्ही जे जे करता त्यानेच ती वाढतेय. दोन वर्षं पहिलं धरून खर्च केलात, काय मिळालं? तीन महिने दुसरं धरून वागून बघाल? ते बराच वेळ कागदाकडे बघत राहिले आणि म्हणाले, "म्हणजे एन्ट्री चुकीच्या खात्यात पडत होती म्हणायची. टॅली कशी होणार." पुढे सगळ्या उपचारात आम्ही हीच भाषा वापरली, कारण ती त्यांची होती.

आता मुंबईचा भाग. या विषयावरची बहुतेक पुस्तकं जिथे लिहिली जातात, तिथे तज्ज्ञाकडे जायचं तर आधी आपल्या नेमलेल्या डॉक्टरची चिठ्ठी लागते. आपल्याकडे दादर ते मुलुंडच्या पट्ट्यात एका संध्याकाळी दोन ईएनटी सहज होतात, एकाला दुसऱ्याचा पत्ता नसतो. रक्त घ्यायला माणूस सकाळी घरी येतो. चिठ्ठीशिवाय हवी ती तपासणी, वर सणाची सूट. झोपेची गोळीही ओळखीच्या केमिस्टकडे मिळते. यांच्या पाकिटात अल्प्राझोलाम या चिंता शमवणाऱ्या गोळीची पट्टी होतीच, 'वेळ आली तर' म्हणून. ज्या माणसाचा आजारच मुळी आणखी एक खात्री हवी हा आहे, त्याच्यासाठी या शहरात प्रत्येक नाक्यावर खात्री विकायला ठेवलेली आहे. म्हणून माझ्या मते या उपचारातलं सर्वांत मोठं काम माझं नव्हतं, भांडुपच्या डॉक्टरांचं होतं.

करार असा: डॉक्टर एकच, तेच. दर पंधरा दिवसांनी ठरलेल्या वाराला भेट, घसा बरा असो वा वाईट. त्यात तोंड, मान तपासायची, दहा मिनिटं बोलायचं. मधल्या काळात फोन नाही. त्यांच्या चिठ्ठीशिवाय तपासणी नाही. डॉक्टर आधी कचरले. फोनवर म्हणाले, "आणि उद्या खरंच काही निघालं तर? ग्राहक मंचात मीच उभा राहणार." त्यांचं म्हणणं खोटं नाही, पुष्कळ तपासण्या डॉक्टरांच्या भीतीपोटीच होत असतात. मग आम्ही दोघांनी मिळून एका पानावर लिहिलं, कशासाठी वाट बघायची नाही: तीन आठवड्यांत न भरणारं तोंडातलं व्रण, पांढरा किंवा लाल चट्टा, तोंड कमी उघडणं, घन अन्न अडकणं, थुंकीतून रक्त, तीन आठवड्यांहून जास्त बसलेला आवाज, वाढत जाणारी कडक गाठ, कारण नसताना उतरलेलं वजन. यातलं काही असेल तर करार बाजूला, लगेच यायचं. यात नसेल ते ठरलेल्या भेटीपर्यंत थांबेल. डॉक्टरांनी खाली सही केली. रुग्णानेही केली, आपणहून.

घरी पत्नीला सांगितलं की टॉर्च बंद. 'बघ ना' म्हटलं की उत्तर एकच: "भीती वाटतेय ना? यावर मी बोलणार नाही असं ठरलंय. इथे बसा माझ्याजवळ." त्यांना हे पटेना. "नवरा घामाघूम झालाय आणि मी असं कोरडं बोलू?" पहिल्या आठवड्यात त्या दोनदा रडल्या, एकदा टॉर्चही मारला. पण पुढे त्यांनीच निरीक्षण सांगितलं की उत्तर दिलं की ते पुन्हा विचारतात, नाही दिलं की चिडतात, पण पुन्हा विचारत नाहीत. आई दर शनिवारी मुलाची दृष्ट काढायच्या. त्याला मी हात लावला नाही. ती शनिवारी निघत होती, भीती वाटली म्हणून नाही.

मानेवर बोटं लावणं हळूहळू कमी केलं: आधी तासातासाने, मग दिवसातून एकदा, मग फक्त डॉक्टरांच्या टेबलावर. जबड्याखालची जागा दुखायची थांबली तेव्हा त्यांना स्वतःलाच आश्चर्य वाटलं. मनोविकारतज्ज्ञांनी एसएसआरआय गटातलं, चिंता आणि नैराश्यावर देतात ते औषध सुरू केलं. पाकिटातला कागद त्यांनी अर्थातच वाचून काढला आणि पहिल्या आठवड्यातली मळमळ हा नवा पुरावा ठरला. असं होऊ शकतं हे आधीच सांगितलेलं होतं म्हणून निभावलं. अल्प्राझोलामची पट्टी त्याच डॉक्टरांच्या सांगण्याने कमी करत बंद झाली.

परळला मी सोबत गेले. पायऱ्या ठरलेल्या होत्या: आधी स्लो गाडीने बसून जायचं, परळला खिडकीबाहेर बघायचं, मग प्लॅटफॉर्मवर उतरून पुढची गाडी घ्यायची, मग बाहेर पडून टाटा हॉस्पिटलच्या डॉ. अर्नेस्ट बोर्जेस मार्गापर्यंत चालत. आवंढा तपासायचा नाही, एवढंच पथ्य. मला अपेक्षा होती घामाची, धडधडीची. ती आली, ओसरली. हॉस्पिटलच्या समोरच्या फुटपाथवर, पिशव्या उशाला घेऊन बसलेल्या नातेवाइकांच्या बाजूने जाताना ते एका ठिकाणी थांबले आणि म्हणाले, "दादाला टॅक्सीतून इथे उतरवलं होतं. तो म्हणाला, तू जा ऑफिसला, उशीर होईल." आणि ते रडायला लागले. ही भीती नव्हती. दादा गेल्यावर सगळी धावपळ यांनीच केली, वहिनींना गावी पोचवलं, बिलं-कागद मिटवले, आणि लगेच इअर एंडिंग लागलं. रडायचं राहूनच गेलं होतं. शिवाय सोबत गुटखा खाल्लेला एक गेला आणि दुसरा राहिला, ही बोच. पुढच्या दोन भेटी आम्ही घशावर बोललोच नाही. त्यांनी दादाला पत्र लिहिलं, वहिनींना फोन केला, ग्रुपचा म्यूट काढला. शरीराची भीती पुष्कळदा न झालेल्या शोकाच्या जागी येऊन बसते, हे आम्हा लोकांना माहीत असतं; तरी नुसत्या तंत्रावर गेलं की ते निसटू शकतं.

ऑगस्टमध्ये चिवडा खाताना गाल चावला गेला आणि आतून पांढरट व्रण उठलं. दोन वर्षं वाट बघितलेली गोष्ट आता खरोखर तोंडात होती. पानावर तीन आठवडे लिहिलेलं. ठरलेली भेट आठ दिवसांवर. त्यांनी वहीत रोज रात्री एकच नोंद केली: हा कॅन्सर आहे असं मला किती टक्के वाटतं. पहिल्या रात्री नव्वद. तिसऱ्या रात्री पंच्याण्णव, आणि शेजारी: 'आरसा बघितला नाही. मुलीचं गणित घेतलं.' भेटीच्या दिवशी डॉक्टरांनी तोंड बघितलं तेव्हा व्रण जवळजवळ भरलं होतं. मग हे गृहस्थ माझ्याकडे आले ते आनंदातच: "बघा, नव्हता!" मी वहीचं तिसऱ्या रात्रीचं पान उघडून समोर ठेवलं. व्रण भरलं हे गालाचं कर्तृत्व. पंच्याण्णव टक्के खात्री असताना गणित घेतलं, हे त्यांचं.

सगळं सरळ झालं असं नाही. गणपतीत ऑफिसातल्या एका सहकाऱ्याला आतड्याचा कॅन्सर निघाला आणि यांनी कोणाला न सांगता चौथी स्कोपी करून घेतली. तीन दिवस बरं वाटलं, चौथ्या दिवशी 'यांचा कॅमेरा जुना होता का?' ही शंका. हे सगळं त्यांनीच येऊन सांगितलं, म्हणून मी ते मागे जाणं धरत नाही. दिवाळीच्या सुमारास घसा शांत झाला आणि छातीत धडधडायला लागलं. भीतीने जागा बदलली तरी हिशेब तोच मांडायचा होता, या वेळी निम्म्या वेळात जमलं.

आकड्यांची अपेक्षा माफक ठेवलेली बरी. ब्रिटनमध्ये पीटर टायरर आणि सहकाऱ्यांनी हॉस्पिटलच्या बाह्यरुग्ण विभागांतल्या ४४४ जणांवर केलेला, २०१४ साली लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात आलेला अभ्यास या क्षेत्रात मोठा मानला जातो. सीबीटी, म्हणजे विचार आणि वागणं बदलण्यावर भर देणारे इथल्यासारखे मानसोपचार, मिळालेल्यांपैकी वर्षभराने चिंता सर्वसामान्य पातळीवर आलेले सुमारे १४ टक्के, नेहमीचे उपचार मिळालेल्यांत सुमारे ७. दुप्पट, पण १४च. बाकीच्यांतल्या पुष्कळांची चिंता कमी झाली, गेली नाही. हे गृहस्थ त्या बाकीच्यांतले आहेत. आरोग्यचिंता मोजणाऱ्या प्रश्नावलीवरचा त्यांचा गुण आता पूर्वीच्या निम्म्याहून खाली आहे. औषध चालू आहे. स्लो गाडीने बसून जातात. आवंढा अधूनमधून अडकतो.

शेवटचा वाद वार्षिक तपासणीवरून झाला. त्यांना दर वर्षी स्कोपी हवी होती, पत्नीला वाटत होतं आता तो विषयच नको. डॉक्टरांनी आणि मी दोघांनाही नाही म्हटलं. कधीकाळी गुटखा खाल्लेल्या माणसाने वर्षातून एकदा डेंटिस्टकडून तोंड तपासून घेणं शहाणपणाचंच आहे. स्कोपीला कारण नाही. तारीख दिवाळीनंतरच्या पहिल्या आठवड्यातली, आत्ताच कॅलेंडरवर लिहिलेली. मध्ये घाबरायला झालं म्हणून ती अलीकडे आणायची नाही, आणि बरं वाटतंय म्हणून चुकवायचीही नाही. "एकदाच?" त्यांनी विचारलं. एकदाच.